मशीन तोट्यात, कमाई गेममध्ये: कन्सोल कंपन्या स्वतःच्या गेमची पहिली किंमत कशी ठरवतात?



"नवीन प्रॉडक्टची किंमत किती ठेवू?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. खर्च काढा, त्यावर मार्जिन लावा, झाली किंमत, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. आज आपण असा धंदा बघणार आहोत जिथे हे गणित जवळजवळ उलटं चालतं. व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा धंदा. तुम्ही गेम खेळत नसाल तरी चालेल, पण हिशोब नीट वाचा. कारण या धंद्यातली "पहिली वस्तू तोट्यात द्यायची" ही युक्ती आपल्याकडे बरेच जण अर्धवट उचलतात, आणि घरचं भांडवल त्यात घालवून बसतात.

एकच गेम, एकच दिवस, दोन किंमती

५ जून २०२५ ला निन्टेंडो या जपानी कंपनीने 'स्विच २' हे नवीन कन्सोल बाजारात आणलं. अमेरिकेत मशीनची किंमत ४५० डॉलर. त्याच दिवशी आला त्यांचा स्वतःचा गेम 'मारिओ कार्ट वर्ल्ड', किंमत ८० डॉलर. म्हणजे साधारण पावणेसात हजार रुपये, फक्त एका गेमचे! (खरे आकडे ४४९.९९, ७९.९९ असे असतात. वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळीकडे पूर्ण आकडा घेतोय.)

त्याआधी निन्टेंडोच्या मोठ्या गेमची नेहमीची किंमत ६० डॉलर होती, एखाद्याची ७०. त्यामुळे ८० ऐकून लोक भडकले. पण शेजारीच अजून एक पर्याय ठेवला होता. मशीन आणि हाच गेम एकत्र घेतला तर ५०० डॉलर. म्हणजे सेटमध्ये गेम पडतो ५० ला.

आता विचार करा, दुकानात उभा असलेला माणूस काय घेईल? ३० जून २०२५ पर्यंत स्विच २ विकले गेले ५८ लाख २० हजार, आणि मारिओ कार्ट वर्ल्ड ५६ लाख ३० हजार, सेटमधले धरून. जवळजवळ प्रत्येक मशीनमागे एक गेम!

मग गेमची खरी किंमत कोणती, ८० की ५०? याचं उत्तर मिळण्यासाठी आधी या धंद्यात पैसा येतो कुठून ते समजून घेऊ.

गल्ला कुठे आहे?

या बाजारात मोठे खेळाडू तीन. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स आणि निन्टेंडो. तिघेही मशीन बनवतात, तिघेही स्वतःचे गेम बनवतात, आणि तिघेही बाहेरच्या कंपन्यांना आपल्या मशीनवर गेम विकू देतात. बाहेरच्यांकडून वाटा घेतात. ऑनलाइन स्टोअरवर हा वाटा साधारण ३० टक्के धरला जातो.

हिशोब मांडू. बाहेरच्या कंपनीचा ७० डॉलरचा गेम प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवर विकला गेला, तर २१ डॉलर सोनीचे आणि ४९ गेमवाल्याचे. तोच गेम सोनीचा स्वतःचा असेल तर वाटा द्यायचा कोणाला? सगळे ७० घरातच. अर्थात तो गेम बनवायचा खर्चही घरातलाच.

आता मशीनकडे या. २०२१ मध्ये एपिक आणि ॲपलच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की एक्सबॉक्सचं मशीन विकून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. २०२२ मध्ये एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी सांगितलं की प्रत्येक मशीनमागे कंपनी १०० ते २०० डॉलर पदरचे घालते. सोनीचं ५०० डॉलरचं प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, पण ते तोट्यातून बाहेर आल्याचं कंपनीने सांगितलं २०२१ च्या मध्यावर.

समजा एका मशीनमागे १५० डॉलरचा तोटा आहे. बाहेरच्या गेमवर सुटतात २१. म्हणजे त्या गिऱ्हाइकाने ७०-७० डॉलरचे सात-आठ गेम घेतले की फक्त तोटा भरून निघतो. मोबाइलच्या दुकानात काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. हँडसेटवर सुटणारे पैसे थोडे, कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासवर चांगले. फरक एवढाच की आपण हँडसेट तोट्यात विकत नाही.

इथेच कंपनीच्या स्वतःच्या गेमचं काम कळतं. त्याला दोन नोकऱ्या आहेत. एक, स्वतः पैसे कमवायचे. दोन, माणसाला मशीन घ्यायला लावायचं. 'झेल्डा' किंवा 'मारिओ' खेळायचा तर निन्टेंडोचंच मशीन लागतं, ते दुसरीकडे मिळत नाहीत. गेमची पहिली किंमत ठरवताना कंपनी बघते की या गेमकडून यातलं कोणतं काम जास्त करून घ्यायचंय.

६० वरून ७०, आणि मग ८०

२००५-०६ च्या पिढीपासून अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत ६० डॉलरला चिकटून बसली होती. पुढची पंधरा वर्षं जवळजवळ तीच. महागाई धरली तर २००६ चे ६० डॉलर म्हणजे २०२५ चे साधारण ९५. म्हणजे कागदावर गेम स्वस्तच होत गेले. पण गिऱ्हाईक महागाईचा तक्ता घेऊन दुकानात येत नाही. त्याच्या डोक्यात "गेम म्हणजे ६०" हेच बसलेलं असतं.

दुसरीकडे खर्च वाढत गेला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात सोनीची काही कागदपत्रं दाखल झाली. आकड्यांवर काळा मार्कर मारला होता, तरी ते वाचता आले! त्यातून कळलं की 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' बनवायला २१ कोटी २० लाख डॉलर लागले, आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ला २२ कोटी. आता भागाकार करा. २१ कोटी २० लाख भागिले ७०. सगळ्या प्रती पूर्ण किंमतीत आणि स्वतःच्या स्टोअरवर विकल्या तरी बनवण्याचा खर्च निघायला ३० लाखांहून जास्त प्रती लागतात. दुकानदाराचं कमिशन धरलं की आकडा आणखी वर.

मग किंमत वाढवायची तर कधी? एरवी नाही, नवीन मशीन येतं तेव्हा. कारण त्या वेळी सगळंच नवीन असतं आणि लोक जुन्या आकड्याशी तुलना थोडी कमी करतात. सोनीने प्लेस्टेशन ५ बरोबर ७० डॉलरचा आकडा आणला. निन्टेंडोने स्विच २ बरोबर ८०.

पण नीट बघा, दोघांनीही सगळेच गेम महाग केले नाहीत. १२ नोव्हेंबर २०२० ला सोनीने काय मांडणी केली?

- 'ॲस्ट्रोज प्लेरूम': मशीनमध्ये आधीच भरलेला, फुकट
- 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस': ५० डॉलर
- 'सॅकबॉय': ६० डॉलर
- 'डेमन्स सोल्स': ७० डॉलर

ही मांडणी मला एखाद्या चांगल्या मेनू कार्डासारखी वाटते. माइल्स मोरालेस तुलनेने छोटा गेम, आणि तो जुन्या प्लेस्टेशन ४ वरही मिळत होता. सॅकबॉयही दोन्हीकडे. डेमन्स सोल्स मात्र फक्त नवीन मशीनवर, आणि कठीण गेमच्या चाहत्यांसाठी. नवीन मशीन पहिल्याच दिवशी घेणारा तो चाहता १० डॉलरसाठी मागे फिरणार नाही. म्हणून सगळ्यात वरची किंमत त्याच्यासाठी. भारतातही याच पायऱ्या दिसल्या. डेमन्स सोल्स ४,९९९ रुपये आणि माइल्स मोरालेस ३,९९९.

निन्टेंडोनेही मारिओ कार्ट ८० ला ठेवला, पण महिन्याभराने आलेला 'डाँकी काँग बनान्झा' ७० ला. मारिओ कार्टच का ८० ला? कारण त्याची मागणी किती पक्की आहे हे कंपनीला माहीत होतं. आधीचा 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' ६ कोटींहून जास्त विकला गेलाय. त्याआधी 'टिअर्स ऑफ द किंगडम' हा झेल्डा मे २०२३ मध्ये ७० डॉलरला आणून त्यांनी अंदाजही घेतला होता. तो तीन दिवसांत १ कोटी विकला गेला.

सेटमध्ये ५० ला देणं परवडतं कसं?

सेटमधल्या मारिओ कार्टची प्लास्टिकची कार्ट्रिज नसते, डाउनलोड असतं. कार्ट्रिज बनवायचा खर्च नाही, वाहतूक नाही, आणि गिऱ्हाईक तो गेम पुढे जुन्यात विकू शकत नाही. कार्ट्रिजचा खर्च किती मोजतात हे युरोपात उघड दिसलं. तिथे हाच गेम डाउनलोडला ८० युरो आणि कार्ट्रिजमध्ये ९० युरो.

पुढची कमाई वेगळीच. इंटरनेटवर इतरांबरोबर शर्यत लावायची तर वर्षाला २० डॉलरची मेंबरशिप लागते. आणि घरात मारिओ कार्ट असलं की पाहुणे, भावंडं, मित्र यांच्यासाठी जास्तीचे कंट्रोलर घेतले जातात.

आता मघाच्या प्रश्नाचं माझं उत्तर सांगतो. ८० चा आकडा दोन कामं करतो. ज्यांना सेट नको, त्यांच्याकडून ८० घेतो. आणि बाकीच्यांना सेट स्वस्त वाटायला लावतो. ८० शेजारी नसता तर ५० कोणाच्या नजरेत भरला असता?

फुकट द्यायचा की १० ला विकायचा?

२००६ मध्ये निन्टेंडोने 'वी' हे मशीन आणलं तेव्हा अमेरिकेत बॉक्समध्येच 'वी स्पोर्ट्स' दिला होता. हात हलवून टेनिस, बोलिंग. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना मशीन काय करतं ते पाच मिनिटांत कळायचं. जपानमध्ये मात्र तोच गेम वेगळे पैसे घेऊन विकला.

२०२५ मध्ये स्विच २ ची ओळख करून देणारा 'वेलकम टूर' त्यांनी १० डॉलरला ठेवला. लोकांनी नाकं मुरडली. मशीन कसं वापरायचं हे सांगायचेही पैसे? सोनीने तसाच ॲस्ट्रोज प्लेरूम फुकट दिला होता. आणि त्याच ॲस्ट्रोचा पुढचा मोठा गेम सप्टेंबर २०२४ मध्ये ६० डॉलरला विकला. त्याला त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम गेमचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे फुकट दिलेल्या चवीवर नंतर धंदा उभा राहिला.

मायक्रोसॉफ्टचा तिसरा रस्ता

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ठरवलं की आपले नवीन गेम पहिल्या दिवसापासून 'गेम पास'मध्ये द्यायचे. तेव्हा महिना १० डॉलर. सुरुवात मार्च २०१८ मध्ये 'सी ऑफ थीव्ज'पासून झाली. गेमची किंमत ६० डॉलर, पण १० डॉलर भरून तो आणि बाकी बरेच गेम खेळायला मिळतात. गिऱ्हाइकाला मजा. पण यात एक अडचण दडलेली असते. सुटी किंमत जितकी वाढवाल, तितके जास्त लोक मासिक वर्गणीकडे जाणार. आणि एकदा सवय लागली की माणूस सुटा गेम पूर्ण किंमतीत कशाला घेईल?

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की वर्षअखेरचे आपले काही नवीन गेम ८० डॉलरला येतील. पहिला होता 'द आउटर वर्ल्ड्स २'. ओरड झाली. जुलैमध्ये कंपनी मागे फिरली, किंमत पुन्हा ७० आणि आधी पैसे भरलेल्यांना परतावा. नंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासच्या सगळ्यात वरच्या प्लॅनची किंमत महिना ३० डॉलर केली.

यातून काय दिसतं? ८० हा आकडा चुकीचा किंवा बरोबर नसतो. मारिओ कार्टला जो चालला, तो दुसऱ्या गेमला चालला नाही.

एकच किंमत, दोन निकाल

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. २०२४ मध्ये सोनीने दोन ऑनलाइन गेम आणले. दोन्ही ४० डॉलरला.

फेब्रुवारीत आला 'हेलडायव्हर्स २'. बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती विकल्या. तोवरचा प्लेस्टेशनचा सगळ्यात वेगाने विकला गेलेला गेम.

२३ ऑगस्टला आला 'कॉनकॉर्ड'. ६ सप्टेंबरला, म्हणजे दोन आठवड्यांत, तो बंद केला आणि सगळ्यांचे पैसे परत दिले. पुढच्या महिन्यात तो बनवणारा स्टुडिओसुद्धा बंद झाला.

कंपनी तीच, वर्ष तेच, किंमत तीच. फरक शेजाऱ्यांचा. कॉनकॉर्डसारखे गेम बाजारात आधीच फुकट मिळत होते, 'ओव्हरवॉच २' आणि 'व्हॅलोरंट'. फुकटच्या शेजारी ४० डॉलर महागच. हेलडायव्हर्स २ मधली चार मित्रांनी मिळून लढायची मजा तशी फुकट कुठे मिळत नव्हती, आणि ७० च्या गेमांशेजारी ४० स्वस्त वाटले. "मी स्वस्त ठेवलंय" याला एकट्याला अर्थ नसतो. कशाच्या तुलनेत स्वस्त, ते गिऱ्हाईक ठरवतं.

पहिल्या दिवशीची किंमत हा शब्द असतो

अजून एक गोष्ट. सोनीचे गेम वर्ष-दोन वर्षांत सेलमध्ये बरेच खाली येतात. हे माहीत असलेला माणूस थांबतो. निन्टेंडो सहसा किंमत पाडत नाही. मारिओ कार्ट ८ डिलक्स २०१७ मध्ये ६० ला आला, आणि कित्येक वर्षं त्याची छापील किंमत ६० च राहिली. थांबून फायदा नाही हे लोकांना पक्कं ठाऊक, म्हणून लोक पहिल्याच दिवशी घेतात. आजची किंमत टिकते की नाही, यावर उद्याच्या नवीन वस्तूची पहिली किंमत उभी राहते.

आता आपल्याकडे या

समजा तुम्ही मेस सुरू करताय. थाळी पडते ८० ला. कोणीतरी सांगितलं, "पहिले तीन महिने ६० ला दे, गिऱ्हाईक जमेल." रोज १०० थाळ्या, रोजचा तोटा २,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२,०००. तीन महिन्यांचे १,५६,०००. भाडं आणि पगार अजून धरलेच नाहीत.

चौथ्या महिन्यात तुम्ही १०० केले. काय होईल? गिऱ्हाईक समोरच्या मेसमध्ये जाईल. कन्सोलवाल्याचं गिऱ्हाईक असं जाऊ शकत नाही, कारण त्याने मशीनचे ४५०-५०० डॉलर आधीच घातलेत आणि त्या मशीनवर दुसऱ्या कंपनीचं स्टोअर चालत नाही. शिवाय सोनी आणि मायक्रोसॉफ्टकडे तोटा सोसायला वर्षं आहेत. तुमच्याकडे कर्जाचा हप्ता आहे.

म्हणून पहिली किंमत ठरवण्याआधी कागद घ्या आणि या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. ही वस्तू कमाई करायला आहे की गिऱ्हाईक आत आणायला? एकाच वस्तूकडून दोन्ही पूर्ण मागू नका.

२. आत आणायला असेल, तर माझी दुसरी कमाई कोणती? तिचं नाव आणि एका गिऱ्हाइकामागचा आकडा लिहा. लिहिता येत नसेल तर तोट्यात विकू नका.

३. गिऱ्हाईक परत माझ्याकडेच का येईल? मेसवाल्याने महिन्याचं कार्ड आगाऊ विकलं तर कारण तयार होतं. वॉटर प्युरिफायरवाल्याला वर्षाची सर्व्हिस हे कारण असतं.

४. माझ्या किंमतीशेजारी गिऱ्हाइकाला कोणती किंमत दिसते? समोरचा फुकट देत असेल तर माझं वेगळं काय?

५. ही किंमत मी सहा महिने टिकवू शकतो का? सुरुवातीची सवलत असेल तर ती कोणत्या तारखेला संपणार ते पहिल्या दिवशीच बोर्डावर लिहा. सेटची सवलत हा त्याहून चांगला मार्ग. थाळी १०० च ठेवा, आणि थाळी-ताक १११ ला द्या. छापील किंमत शाबूत राहते आणि गिऱ्हाइकाला फायदाही दिसतो.

यातला दुसरा प्रश्न सोडून बाकी चार नंतर दुरुस्त करता येतात. दुसऱ्याचं उत्तर नसताना शटर उघडलं, तर प्रत्येक विक्रीबरोबर भांडवल कमी होत जातं, आणि दुकानात गर्दी असल्यामुळे ते लवकर लक्षातही येत नाही.

तर आज रात्री हा कागद पूर्ण करा. तुमची वस्तू, तिचा खर्च आणि तुमची दुसरी कमाई, एवढं तीन ओळींत व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात त्यातले काही हिशोब घेऊन फळ्यावर सोडवू. भेटूया!